जुन्या बोलेरोचे पुढचे ब्रेक : नुसते पॅड बदलावेत की डिस्कही?

आपला प्रश्न असा आहे की, 2008 सालच्या बोलेरोचे ब्रेक दाबताच पुढून करकर येते, स्टेअरिंग थरथरते आणि परतवाड्याचे मिस्त्री पॅडसोबत (डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणारे घर्षणाचे तुकडे) डिस्कही (चाकासोबत फिरणारी लोखंडी तबकडी) बदलायला सांगतात. तर नुसत्या पॅडवर भागेल का आणि हे काम घरी जमेल का? मी अचलपूर तालुक्यातच राहतो, माझी गाडीही त्याच काळातली आहे आणि तिच्या पुढच्या ब्रेकचे काम मी स्वतः करतो, म्हणून सविस्तर लिहितो.

करकर पॅड संपल्याची असू शकते, पण थरथर बहुतेक वेळा डिस्कची असते. डिस्कची जाडी सगळीकडे सारखी उरली नाही, किंवा ती हबवर (चाक ज्यावर बसते तो मधला भाग) सरळ फिरत नसली, की ब्रेक दाबताना स्टेअरिंग हलते आणि नवे पॅड टाकूनही ते थांबत नाही. हीच थरथर स्टेअरिंगमध्ये न येता फक्त पेडलमध्ये आणि सीटखाली जाणवली असती, तर मी आधी मागचे ड्रम उघडायला सांगितले असते.

डिस्क टाकाऊ झाली की नाही, हे अंदाजाने ठरवू नये. किती जाडीपर्यंत वापरता येते तो आकडा बहुधा डिस्कवरच कोरलेला असतो. तारेच्या ब्रशने गंज काढल्यावर तो दिसतो. मोजताना एक अडचण येते : डिस्कच्या बाहेरच्या कडेला न झिजलेली धार उभी राहते, व्हर्निअरचे (जाडी मोजायच्या मापकाचे) जबडे तिच्यावरच टेकतात आणि माप फसवे येते. म्हणून दोन्ही बाजूंना घासलेल्या भागावर एकसारखी दोन नाणी धरून मोजावे आणि नाण्यांची जाडी वजा करावी. माप त्या आकड्याच्या खाली असेल तर चर्चेला जागा नाही. वर असेल तर लेथवर डिस्क साफ करून घेता येते, पण त्यात ती आणखी पातळ होते आणि पातळ डिस्क लवकर तापते. त्यामुळे चिखलदऱ्याच्या घाटात भरलेली गाडी उतरवणाऱ्याने दोन्ही चाकांच्या डिस्क नव्याच घ्याव्यात, असे माझे मत आहे.

जुने पॅड मात्र लगेच भंगारात टाकू नका, कारण खरे दुखणे तेच सांगतात. आतला, म्हणजे पिस्टनकडचा (ऑइलच्या दाबाने पॅड ढकलणाऱ्या दट्ट्याकडचा) पॅड पत्र्यापर्यंत घासला आणि बाहेरचा जाडच राहिला, तर कॅलिपर (पॅड धरून डिस्कवर दाबणारा भाग) ज्या पिनांवर सरकतो त्या पिना जाम आहेत. एका चाकाचे दोन्ही पॅड संपले आणि दुसऱ्याचे शाबूत असले, तर पिस्टन मागे फिरत नाही किंवा रबरी होज (ब्रेक ऑइलची नळी) आतून फुगून ऑइल परत येऊ देत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात पांदणीतून गाडी नेली की पिनांवरच्या फाटलेल्या रबरी टोपणातून (बुटातून) काळ्या मातीचा राडा पिनांपर्यंत जातो आणि उन्हात विटेसारखा घट्ट बसतो. अशा पिना बाहेर काढून, स्वच्छ करून, ब्रेकसाठी मिळणारे सिलिकॉन ग्रीस लावून, बोटाने सहज सरकतील अशा बसवल्याशिवाय नवे पॅड टाकणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय. साधे चेसिस ग्रीस लावू नये. त्याने रबर फुगते.

जॅक मोकळ्या काळ्या जमिनीवर लावू नका, तो रुततो. खाली जाड फळी घ्या, मागच्या चाकांना दगड लावा आणि चेसिसखाली स्टँड दिल्याशिवाय चाक काढू नका. सोडलेला कॅलिपर होजवर लोंबकळू न देता तारेने बांधून ठेवा. पिस्टन सी-क्लॅम्पने हळूहळू आत ढकलताना ऑइलच्या टाकीकडे लक्ष असू द्या. ऑइल वर चढून सांडते आणि रंग खाते. धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. नव्या डिस्कवरचे गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पूर्ण काढा.

अनेक जुन्या गाड्यांत डिस्क हबच्या मागे बोल्टने बसवलेली असते, त्यामुळे हब बेअरिंगसह उतरवावा लागतो. बेअरिंगचे प्रीलोड (नट आवळून दिलेला नेमका ताण) लावण्याचा सराव नसेल, तर तेवढे काम मिस्त्रींकडेच द्यावे.

ब्रेक ऑइल दोन वर्षांपेक्षा जुने असेल तर तेही बदला. ते हवेतली ओल शोषते : डॉट 3 प्रतीचे ताजे ऑइल किमान 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ओल शिरल्यावर तीच मर्यादा 140 अंशांपर्यंत खाली येऊ शकते, आणि लांब उतारावर पेडल अचानक पोकळ लागते ते याचमुळे. कोणती प्रत घालायची ते टाकीच्या झाकणावर लिहिलेले असते.

काम झाल्यावर गाडी हलवण्यापूर्वी पेडल घट्ट लागेपर्यंत दाबत राहा. नंतर मोकळ्या रस्त्यावर ताशी 50 किलोमीटरवरून 10 पर्यंत, मध्ये थंड होऊ देत, आठ-दहा वेळा मध्यम जोराने वेग कमी करा, पण गाडी पूर्ण थांबवून ब्रेक दाबून ठेवू नका. घरी आल्यावर चाकांचे नट पुन्हा एकदा पान्याने तपासा.