एमडीचा खटला, तीन वर्षे आत : जामीन मिळेल का?

भावाकडे ६० ग्रॅम एमडी (मेफेड्रोन हा अमली पदार्थ) सापडली, असा गुन्हा आहे. पहिलाच. तीन वर्षे कच्च्या कैदेत आहे, एकही साक्षीदार तपासलेला नाही. जामीन का होत नाही? (नाशिक)

एमडी ५० ग्रॅमच्या वर गेली की व्यावसायिक मात्रा होते आणि एनडीपीएस कायद्याचे (अमली पदार्थविरोधी कायदा) कलम ३७ आडवे येते. सरकारी वकिलांनी विरोध केला, तर आरोपी दोषी नसल्याचे मानायला वाजवी कारणे आहेत आणि सुटल्यावर तो गुन्हा करणार नाही, या दोन्हींबद्दल न्यायालयाचे समाधान व्हावे लागते. साक्षीपुरावा व्हायच्या आधीच! माझ्या मते ही उलटी गंगाच आहे. त्यात भेसळीसकट सगळे वजन धरतात. हिरा सिंग निकालाने (२०२०) ते पक्के केले.

तरी वाट आहे. मोहम्मद मुस्लिम प्रकरणात (२०२३) सर्वोच्च न्यायालयाने सात वर्षांहून जास्त काळ आत असलेल्या आरोपीला जामीन दिला. रबी प्रकाश प्रकरणात साडेतीन वर्षांवर दिला. खटला लांबलाच, तर राज्यघटनेचे कलम २१ (जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क) एनडीपीएसच्या कलम ३७ ला भारी पडते, हा त्यातला मुद्दा. पण मोहित अग्रवाल निकाल (२०२२) सांगतो की नुसते दिवस मोजून भागत नाही. म्हणून रोजनाम्याच्या (न्यायालयातली तारीखवार नोंद) प्रमाणित नकला काढा. कोणत्या तारखेला आरोपीला तुरुंगातून आणलेच नाही, कधी पंच (जप्तीचा साक्षीदार) आला नाही, मुदत कोणी मागितली, हे त्यात असते. मुदती तुमच्याच वकिलांनी मागितल्या असतील, तर अर्ज तिथेच लंगडा पडतो.

अशाच गुन्ह्यात दोषारोपपत्राची १८० दिवसांची मुदत उलटली, ते आलेले नाही. आपोआप सुटका होते का? (सांगली)

नाही, अर्ज करावा लागतो, आणि तोही दोषारोपपत्र येण्याआधी. मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच करा. आधी मुदतवाढ झाली आहे का, तेवढे बघा. सरकारी वकिलांच्या अहवालावर ती एक वर्षापर्यंत मिळू शकते.

एक तृतीयांश शिक्षा भोगली की सोडतात म्हणे? (पनवेल)

पूर्वी कधीच शिक्षा न झालेल्यांसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम ४७९ मध्ये तशी तरतूद आहे. पण हिशेब कमाल शिक्षेवर होतो. व्यावसायिक मात्रेला ती २० वर्षे, म्हणजे ६ वर्षे ८ महिने. दुसराही खटला चालू असेल, तर या कलमाचा आधार मिळत नाही.

जामीन झाला, पण जामीनदार मिळेना. (सोलापूर)

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, वकील मोफत मिळतो. अट शिथिल करण्याचा किंवा तात्पुरत्या रोख जामिनाचा अर्ज त्याच न्यायालयात करता येतो.