सुलेमानीला मारल्यावर तिसरं महायुद्ध होणार म्हणत होते, ते झालं का नाही? आणि त्या हत्येनं शेवटी कोणाचं साधलं?

इराणचा सेनापती सुलेमानी अमेरिकेने ड्रोनने मारला, त्या जानेवारी २०२० चं विचारताय म्हणून लिहायला बसलो, नाहीतर इथे मी नुसता वाचतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. युद्ध दोघांनाही नको होतं. ट्रम्पला निवडणुकीच्या वर्षात आपल्या जवानांच्या शवपेट्या विमानातून उतरताना दाखवायच्या नव्हत्या. इराणचं तेल निर्बंधांमुळे फारसं विकलं जात नव्हतं, घरात लोक सरकारवर चिडलेले होते. युद्धाची घाई होती ती फक्त आपल्या चॅनलवाल्यांना, आणि त्यांच्या त्या आठवडाभराच्या आरडाओरड्यात माझ्या भाच्याची कुवेतची नोकरी गेली.

मी वाशीम जिल्ह्यातला, मंगरुळपीर तालुक्यातला. आता शेती करतो, आधी बरीच वर्षं कुवेतमध्ये पाइपफिटर होतो. २००३ ला अमेरिका इराकमध्ये घुसली तेव्हाही तिथेच होतो. सद्दामची क्षेपणास्त्रं कुवेतवर येत, भोंगा वाजला की हातातलं काम टाकून धावायचं. एक तर थेट शहरात, समुद्राकाठच्या बाजाराजवळ येऊन फुटलं. पण मला त्याआधीचे महिने जास्त आठवतात. उत्तरेच्या वाळवंटात तंबू, रणगाडे, पाण्याचे आणि डिझेलचे टँकर येतच होते, येतच होते. लाखावर सैन्य उभं राहिलं तेव्हा कुठे युद्ध सुरू झालं. देशावर चालून जायचं तर आधी तेवढ्या पोटांची सोय करावी लागते आणि ती लपत नाही. २०२० मध्ये यातलं काहीच नव्हतं. तीनेक हजार जवान घाईघाईने कुवेतला धाडले होते, ते बंदोबस्ताचे. तेवढ्यावर इराणसारख्या देशावर कोणी जात नाही.

हेच मी भाऊजींना सांगत होतो.

३ जानेवारीला बातमी आली तेव्हा आमच्याकडे जिल्हा परिषदेचा प्रचार जोरात होता. ७ तारखेला मतदान, ८ ला मोजणी. भाऊजी एका उमेदवारामागे गावोगाव फिरत होते. भाचा आयटीआय झालेला, फिटर ट्रेडचा, हात चांगला. कुवेतचा व्हिसा लागला होता, मेडिकल झालं होतं, पुढच्याच आठवड्यात मुंबईहून विमान. एजंटचे पैसे भरायला ताईने कापूस खेडा खरेदीवाल्याला देऊन टाकला होता. हमीभाव ५,५५० होता, पण सरकारी खरेदीचा चुकारा कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून कमी भावात हातोहात दिला. त्या पोराच्या विमानात ताईचा अर्धा हंगाम होता.

संध्याकाळी भाऊजी घरी आले, टीव्ही लावला. पडद्यावर नकाशा, लाल बाण, खाली ‘महायुद्ध’. भाऊजी उभ्या उभ्या म्हणाले, “पोरगं जात नाही. मरायले पाठवू काय त्याले?”

मी म्हटलं, भाऊजी, मारलं बगदादच्या विमानतळावर, आपलं पोरगं चाललं कुवेतला. आणि हे एका रात्रीत उपटलेलं नाही. आठवडाभर आधी, २७ डिसेंबरला किरकूकजवळच्या तळावर रॉकेट पडली, एक अमेरिकी कंत्राटी माणूस मेला. (कंत्राटी. आमच्यासारखाच. सगळी माळ तिथून सुरू झाली हे कोणी सांगत नाही.) मग अमेरिकेने इराणच्या बाजूच्या टोळीवर बॉम्ब टाकले, पंचवीसेक मेले. मग ३१ तारखेला बगदादच्या अमेरिकी वकिलातीवर जमाव चालून गेला. मग हे. प्रत्येकाने उत्तर दिलंय आणि प्रत्येक उत्तर मोजून दिलंय. आता इराणही मोजूनच देईल.

भाऊजी म्हणाले, “तू तिथं पाइप जोडले. राजकारण तुले काय समजते?”

हे वाक्य मी विसरलेलो नाही.

५ तारखेला इराकच्या संसदेने परदेशी सैन्य बाहेर काढा असा ठराव केला. भाऊजींच्या लेखी हे युद्धाचं निशाण. मी सांगितलं, ठराव झाला पण कुर्द आणि बहुतेक सुन्नी खासदार सभागृहातच आले नाहीत. पंतप्रधान अब्दुल महदी आधीच राजीनामा देऊन काळजीवाहू बसलेले, ते कोणाला काढणार? झेडपीचं राजकारण करणाऱ्या माणसाला कोरम आणि काळजीवाहू या गोष्टी मी समजावून सांगाव्या लागल्या. ऐकलं नाही. मतदानाच्या आदल्या रात्री एजंटला फोन करून पोराचं जाणं रद्द केलं.

८ तारखेला पहाटे इराणने इराकमधल्या ऐन अल-असदच्या तळावर, जिथे अमेरिकी जवान होते, क्षेपणास्त्रं सोडली. भाऊजींचा मोजणीच्या ठिकाणाहून फोन, “पाह्यलं? झालं सुरू.” मी म्हटलं, थांबा, रात्रीपर्यंत थांबा. इराणने हल्ल्याआधी इराकच्या सरकारला कळवलं होतं, आणि हल्ला संपल्याबरोबर त्यांच्या परराष्ट्रमंत्र्याने, झरीफने, आमचं उत्तर देऊन झालं, आम्हाला युद्ध नको, असं लिहून टाकलं. गावात भांडण लागलं की पंचांसमोर काठी जमिनीवर आपटतात, डोक्यात घालत नाहीत, तसलं ते होतं. रात्री ट्रम्प टीव्हीवर येऊन बोलला की इराण माघार घेताना दिसतोय. संपलं. पण तोवर एजंटने ती जागा दुसऱ्या पोराला दिली होती, आणि भरलेल्या पैशातले निम्मेही परत आले नाहीत.

आता तुमचा दुसरा प्रश्न, कोणाचं साधलं. मला विचाराल तर ज्याने त्याने आपापल्या घरात त्या मढ्याचा वापर केला.

इराणच्या राज्यकर्त्यांना पाच दिवस मिळाले. नोव्हेंबर २०१९ मध्ये पेट्रोलचे भाव वाढवल्यावर लोक रस्त्यावर आले होते आणि सरकारने गोळ्या घालून शेकडो माणसं मारली होती. दीड महिन्याने त्याच रस्त्यांवर सुलेमानीच्या अंत्ययात्रेला लाखो लोक. अहवाज, मशहद, तेहरान, कोम, केरमान. केरमानला चेंगराचेंगरीत पन्नासच्या वर माणसं मेली, तरी सरकारला हवं ते चित्र मिळालं, सगळा देश आमच्यामागे आहे. आणि ते पाचच दिवसांत त्यांनी स्वतःच्या हाताने घालवलं. क्षेपणास्त्रं सोडली त्याच सकाळी तेहरानहून उडालेलं युक्रेनचं प्रवासी विमान त्यांच्याच क्षेपणास्त्रांनी पाडलं. १७६ माणसं. त्यात शिकायला, नातेवाइकांना भेटायला, सुट्टी संपवून परत निघालेली पोरं-पोरी. तीन दिवस खोटं बोलले, विमानात बिघाड होता म्हणाले. ११ तारखेला कबूल केलं तेव्हा विद्यार्थी पुन्हा रस्त्यावर आले आणि सुलेमानीची पोस्टरं फाडली गेली. मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त राग त्या तीन दिवसांचा येतो. बगदादला ड्रोनने मेले ते बंदूकवाले होते, विमानातले कोणाच्या अध्यात ना मध्यात.

२१ फेब्रुवारीला त्यांची संसदेची निवडणूक झाली. मतदान साडेबेचाळीस टक्क्यांच्या आसपास, १९७९ च्या क्रांतीनंतरचं तोवरचं सगळ्यात कमी. उमेदवारांची छाननी करणाऱ्या पालक परिषदेने अर्ज हजारोंनी बाद केलेले, त्यात मवाळ गटाचे बरेच, त्यामुळे संसद कट्टरांच्या हातात गेली. अमेरिकेने कट्टरांचा माणूस मारला आणि पुढचं राज्य कट्टरांनाच मिळालं. अर्ज तर तसेही बाद झाले असते, हे मला मान्य आहे. पण अमेरिकेशी बोलून काही मिळतं असं म्हणणाऱ्या, तेव्हाचे अध्यक्ष रूहानी यांच्या माणसांची बोलायची सोयच उरली नाही.

इराकमध्ये ऑक्टोबर २०१९ पासून तरुण पोरं भ्रष्टाचाराविरुद्ध आणि इराणच्या लुडबुडीविरुद्ध चौकात बसली होती. हत्येनंतर सगळी चर्चा ‘अमेरिका बाहेर’ वर गेली आणि त्या पोरांचं कोणी ऐकेना. पंतप्रधानपदासाठी दोन नावं आली आणि पडली, मे महिन्यात काझिमी बसले. ठराव तसाच कागदावर. अमेरिकेचे पाच हजारांवर जवान होते, ते वर्षभरात अडीच हजारांवर आणले, तेही ठरावापेक्षा ट्रम्पच्या मर्जीने. माझं मत विचाराल तर इराकपुरता सुलेमानीपेक्षा त्याच्यासोबत मेलेला अबू महदी अल-मुहंदिस जास्त महागात पडला. इराणच्या बाजूच्या टोळ्यांना एका दोरीत बांधणारा तो तिथला माणूस होता. सुलेमानीच्या जागी कानी त्याच दिवशी नेमला गेला, पण मुहंदिसनंतर ज्याने त्याने आपली वेगळी चूल मांडली.

अमेरिकेत दोन्ही सभागृहांनी, आम्हाला न विचारता इराणशी लढाई नको, असा ठराव केला. सिनेटमध्ये ५५ विरुद्ध ४५, म्हणजे ट्रम्पच्याच पक्षाचे काही जण फुटले. मे महिन्यात ट्रम्पने नकाराधिकार वापरून तो मोडला. ऐन अल-असदवर कोणाला ओरखडाही नाही म्हणाला होता, नंतर शंभरावर जवानांच्या मेंदूला मार बसल्याचं त्यांच्याच लष्कराला सांगावं लागलं. त्या जवानांच्या दुखण्याला डोकेदुखी म्हणाला. हे मला अजिबात पटलेलं नाही.

मग काही जण २०२५ दाखवतात, की तेव्हा तर युद्ध झालं. झालं. १३ जून २०२५ ला इस्रायलने इराणचे सलामी, बाघेरी, हाजीजादे असे वरचे सेनापती एकाच पहाटे मारले. पण ते मारणं मोहिमेचा पहिला तास होतं, त्याच वेळी अणुकेंद्रांवर बॉम्ब पडत होते, आणि बारा दिवस ते चाललं. २०२० मध्ये मारून झाल्यावर अमेरिका थांबली होती. मारणाऱ्याच्या मागे पुढची तयारी उभी आहे का, हे बघायचं असतं. ते टीव्हीच्या बाणांत दिसत नाही.

भाऊजींचं आजही म्हणणं असं की, “मार्चात कोरोना आला, विमानं बंद झाली, पोरगं तिथं अडकलं असतं. म्या थांबवलं तेच बरं.” दर लग्नात, दर तेरवीत हेच. भाऊजी, तुम्ही कोरोनासाठी थांबवलं नव्हतं. ६ जानेवारीला कोरोना तुम्हाला माहीत नव्हता, मलाही नव्हता. तुम्ही टीव्ही बघून थांबवलं. माझ्यासोबत काम केलेले लोक कोरोनातही कुवेतमध्येच राहिले. काहींचा पगार अर्धा झाला, पण पुढे सगळं उघडल्यावर तेच कामावर होते. भाचा सहा वर्षांच्या पगाराला मुकला आणि बुटीबोरीत ठेकेदाराकडे कंत्राटावर लागला. ताईच्या कापसाचं तर कोणी नावच काढत नाही.

भाऊजी वाईट नाहीत. बाप आहे, पोराला जपणारच. आणि पुढच्या वेळी कुवेतवर काही पडणारच नाही असं मी लिहून देत नाही. तेहरानमध्ये त्या सकाळी जो घाबरला तो बरोबर होता, हेही १७६ माणसांकडे बघून सांगतो. माझं बोलणं त्या वेळच्या कुवेतपुरतं होतं.

तुम्ही लिहिलंय तुमचा धाकटा भाऊ कतारला जायच्या तयारीत आहे. अशी बातमी आली तर आधी आपल्या परराष्ट्र खात्याची सूचना वाचा, आणि ती कोणत्या देशाची आहे ते नीट वाचा. ८ जानेवारीची सूचना इराकसाठी होती, कुवेतचं नाव त्यात नव्हतं. मी ती भाऊजींना मोबाइलवर दाखवली होती. मग तिथे काम करणाऱ्या एखाद्या ओळखीच्याला फोन करा, कंपनी कामाला बोलावते आहे का, कॅम्पमधून माणसं हलवताहेत का, ते विचारा. आणि एजंटला रद्द करायचा फोन रात्री करू नका. सकाळपर्यंत थांबा.

भाच्याच्या पासपोर्टची मुदत संपत आली होती. नव्याचा अर्ज मी भरून दिलाय, या वेळचे एजंटचे पैसेही माझे. हे उत्तर आत्ता भाऊजींना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतोय. राजकारणाचं जे काही म्हणणं असेल ते त्यांनी इथेच खाली लिहावं.