शोपँच्या मझुर्का ऐकताना ताल चुकल्यासारखा का वाटतो?

तुम्ही विचारलंय, की पोलिश संगीतकार शोपँनं पियानोसाठी लिहिलेली मझुर्काही तीन मात्रांची आणि वॉल्ट्झ हा युरोपीय नाचही तीन मात्रांचा, मग मझुर्का लंगडत चालल्यासारखी का वाटते, आणि यात पोलिश लोकनृत्य नेमकं कुठे आहे? उत्तर त्या लंगडण्यातच आहे.

मी चाळिशी ओलांडल्यावर पियानो शिकायला बसलो. पहिली मझुर्का वॉल्ट्झसारखीच बडवली, एक-दोन-तीन, जोर एकवर. बाईंनी मला उठवलं आणि खोलीभर चालायला लावलं, दुसऱ्या पावलाला टाच आपटत. लाज वाटली, पण डोक्यात उजेड पडला. वॉल्ट्झचं वजन समेवर पडतं. मझुर्काचं दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या मात्रेवर, आणि पुढच्या ओळीत ते जागा बदलूही शकतं.

मुळात हा एक नाच नव्हेच. पोलंडमधल्या माझोव्शे प्रांतातला ठसकेबाज माझुर, कुयावी भागातला संथ, हळवा कुयावियाक आणि गरगर फिरवणारा ओबेरेक, असे तीन नाच शोपँच्या मझुर्कांत मिसळलेत. तो 1810 मध्ये माझोव्शेतच जन्मला. 1824 आणि 1825 च्या उन्हाळी सुट्टीत शाफार्निया गावी राहिला, तिथे शेतकऱ्यांचं गाणं-बजावणं त्याच्या कानावर पडलं. 1830 मध्ये त्यानं देश सोडला, तो कायमचा. पन्नासहून जास्त मझुर्कांतल्या बहुतेक त्यानंतरच्या, आणि त्या कुणी नाचावं म्हणून लिहिलेल्या नाहीत.

खेडं ऐकायचं तर ओपस 68 (ओपस म्हणजे रचनासंचाचा क्रमांक) मधली तिसरी मझुर्का लावा. मधल्या भागात डावा हात नुसता षड्ज-पंचम धरून बसतो, गावच्या मशकबाजासारखा. वर उजव्या हाताची धून येते आणि तिच्यात आपला तीव्र मध्यम! युरोपीय कानांना हा स्वर खटकायचा, आपल्याला तो ओळखीचा. काही ओळींत सगळं संपतं आणि पुन्हा दिवाणखाना सुरू होतो. शोपँ लोकधून उचलून सजवत बसत नाही. तो धुनेखालची जमीन उचलतो, म्हणून मूळ गाणं शोधायला गेलात तर हाती फारसं लागणार नाही.

तालाचा घोळ तेव्हाही होताच. लेन्झ नावाचा शिष्य ओपस 33 मधली सी मेजर मझुर्का वाजवत असताना संगीतकार मायरबीअर आला आणि म्हणाला, ही तर दोन मात्रांची. शोपँ भडकला. तीन, तीन, असं म्हणत स्वतः वाजवून, मोठ्यानं मोजून, पाय आपटून दाखवलं. मायरबीअरला तरी पटलं नाही. मला दोघंही बरोबर वाटतात. कागदावर तीनच मात्रा आहेत, पण दुसरी इतकी लांबते की तिसरीला जागाच उरत नाही.

आणि ओपस 7 मधली पाचवी वाजवून बघा. जेमतेम वीस मापांची, म्हणजे तीन-तीन मात्रांच्या वीस आवर्तनांची, आणि शेवटी सूचना आहे: पुन्हा खुणेपाशी जा, अंत नाही. गावातला नाचही वाजवणारा दमला की थांबतो. आमच्याकडे चौथ्या फेरीला स्वयंपाकघरातून हाक आली, तिथे मी थांबलो.