उत्तराखंडातल्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला एकच दिवस असेल तर

घांगरियाहून (दरीच्या पायथ्याचं मुक्कामाचं गाव) पहाटे आवरून निघ आणि चेकपोस्ट उघडताच आत शिर. मुक्कामाला परवानगी नाही, संध्याकाळच्या आत बाहेर यावंच लागतं. दुपारी उशिरा आलेल्यांना तर सोडतच नाहीत. पुष्पावती नदी ओलांडल्यावरचा चढ दमवतो. तिथे हळू चाल, सह्याद्रीतली मस्ती ३,००० मीटरच्या वर चालत नाही (माझी तरी नाही चालली!). बहुतेक जण पहिल्या फुलांपाशीच फोटो काढत बसतात. तू जोन मार्गारेट लेग या ब्रिटिश वनस्पती-अभ्यासक बाईच्या कबरीपर्यंत जा. वनस्पती गोळा करताना १९३९ मध्ये ती इथेच घसरून पडून वारली. आत खायला काही मिळत नाही, पराठे बांधून घे. पोंचो हवाच. ब्रह्मकमळ मात्र इथे शोधू नकोस, त्यासाठी दुसऱ्या दिवशी घांगरियाहूनच वर हेमकुंड साहिब गुरुद्वाऱ्यापर्यंत चढावं लागेल.