मायामी बीच, फुकटची ट्रॉली आणि सोबत आईबाबा

तुमचा प्रश्न असा: क्रूझच्या आधी दोन दिवस अमेरिकेतल्या फ्लोरिडात, मायामी बीच या बेटावरच्या शहरात मुक्काम, सोबत सत्तरीचे आईबाबा, भाड्याची गाडी घ्यायची नाही, तर तिथल्या फुकटच्या ट्रॉलीवर भागेल का? बेटावरच फिरणार असाल तर आरामात भागेल. फक्त वेळेला बांधलेलं कुठलंही काम तिच्या भरवशावर टाकू नका.

आधी नावाचा घोळ. आम्ही सांगली जिल्ह्यातले. ‘उद्या ट्रॉलीने जाऊ’ म्हटल्यावर बाबांनी विचारलं, “आणि ट्रॅक्टर कुठाय?” तर ही उसाची ट्रॉली नाही आणि रुळावरचीही नाही. साधी रबरी टायरची बस आहे, जुन्या ट्रामचा साज चढवलेली. आत लाकडी बाकं आणि थंडगार एसी. खरी ट्राम इथे 1920 ते 1939 या काळात धावत होती.

दुसरा घोळ जास्त महागात पडतो. मायामी आणि मायामी बीच ही दोन वेगळी शहरं आहेत, मध्ये बिस्केन बे ही खाडी. दोघांच्या ट्रॉल्या वेगळ्या, दोन्ही फुकट. बीचची ट्रॉली पूल ओलांडून डाउनटाउनला नेईल असं धरून चालू नका. मायामी विमानतळावरून बेटावर यायला काउंटीची (म्हणजे जिल्ह्याची) 150 नंबरची बस आहे, क्रेडिट कार्ड टेकवलं की झालं. क्रूझच्या दिवशी मात्र बॅगा आणि म्हातारी माणसं घेऊन बसच्या नादी लागू नका, सरळ उबर करा.

ट्रॉली रोज सकाळी 8 ते रात्री 11 असते. साधारण 20 मिनिटांनी एक, असं कागदावर. शनिवारी संध्याकाळी, मार्चमधल्या स्प्रिंग ब्रेकला (कॉलेजांच्या सुट्टीत) आणि डिसेंबरात आर्ट बाझेल या कलामेळ्याच्या आठवड्यात रस्तेच तुंबतात, मग ट्रॉली काय करणार? फोनवर तिचा ठावठिकाणा दिसतो, तो बघूनच हॉटेलातून निघा. उन्हाळ्यात हे जास्तच पाळा, कारण दुपारी आभाळ फाटल्यासारखा पाऊस येतो आणि सगळ्याच थांब्यांना छप्पर नाही.

आता मुख्य गोष्ट, दिशा. बेटाच्या दक्षिण भागात, म्हणजे साउथ बीचमध्ये, ट्रॉलीचे दोन लूप (गोल मार्ग) आहेत, ए आणि बी, एकमेकांच्या उलट दिशेने फिरणारे. रंगरूप सारखंच. आम्ही पहिल्या दिवशी घाईघाईत समोर आली त्या ट्रॉलीत चढलो. जायचं होतं चार थांबे, आणि आम्ही अख्खी प्रदक्षिणा घालून पाऊण तासाने उतरलो. आई खूश होती म्हणा. शेजारी बसलेल्या आजींच्या पिशवीतून कच्च्या केळ्यांचा घड डोकावत होता. आईने बोटाने खूण करून “भाजी?” असं विचारलं, आजींनी स्पॅनिशमध्ये काय सांगितलं देव जाणे, पण दोघींनी तळण्याचा अभिनय करून विषय पूर्ण केला. तर चढण्याआधी पाटी वाचा, आणि शंका आली तर ड्रायव्हरला ठिकाणाचं नाव सांगून विचारा. बरेचसे ड्रायव्हर स्पॅनिश बोलणारे, उतरताना ‘ग्रासियास’ (धन्यवाद) म्हटलं की खुलतात.

पत्ता समजायला हे शहर फार सोपं आहे. आडव्या रस्त्यांना आकडे, दक्षिणेला 1, उत्तरेला ऐंशीच्या पुढे. समुद्राकडून मोजलं तर साउथ बीचमध्ये आधी ओशन ड्राइव्ह, मग कॉलिन्स, मग वॉशिंग्टन. ट्रॉली ओशन ड्राइव्हवर शोधत बसू नका, दोन गल्ल्या आत वॉशिंग्टनला या. लांब उत्तरेला जायचं तर कॉलिन्स एक्स्प्रेस ही ट्रॉली घ्या. तिकडे एक खोच आहे: नॉर्थ बीचमध्ये कॉलिन्स एकेरी आहे, फक्त उत्तरेकडे. परतीचा थांबा समोरच्या फुटपाथवर नसतो, तो एक गल्ली मागे हार्डिंग अव्हेन्यूवर. आईबाबांना उन्हात चुकीच्या थांब्याच्या खांबाखाली अर्धा तास उभं करून मग हे कळू नये, म्हणून सांगतेय.

दोन दिवसांत काय बघायचं? सकाळी ओशन ड्राइव्हच्या आर्ट डेको शैलीतल्या जुन्या इमारती, पायी, ऊन चढायच्या आत. मग ट्रॉलीने लिंकन रोड. तिथे गाड्यांना बंदी आहे आणि सावलीत बसायला जागा. तिथून होलोकॉस्ट मेमोरियल, म्हणजे नाझींनी मारलेल्या ज्यूंचं स्मारक, चालत दहा मिनिटांवर, आभाळाकडे झेपावणारा एक प्रचंड हात. माझे बाबा त्याच्यासमोर बराच वेळ गप्प उभे होते. बाकी दुकानं, रेस्टॉरंटं तुमची तुम्हाला सापडतील. ओशन ड्राइव्हवर जेवायला बसलात तर मेन्यूवरच्या किमती आणि बिलात आधीच धरलेली टिप नीट बघा, एवढंच.

चारच्या सुमारास मात्र लूप पकडून दक्षिण टोकाला साउथ पॉइंट पार्कला जा. बंदरातून निघालेल्या क्रूझ तिथल्या चिंचोळ्या खाडीतून इतक्या जवळून जातात की वरच्या डेकवरची माणसं हात हलवताना दिसतात. शनिवार-रविवारी एकापाठोपाठ एक. आमच्या बाबांनी मजले मोजायचा प्रयत्न केला आणि बारानंतर नाद सोडला.

गुडघ्यांचा त्रास असेल तर चढण्याआधीच ड्रायव्हरला खूण करा, घाई करत नाहीत. पोहून येणार असाल तर कोरडा टॉवेल बरोबर ठेवा, ओल्या कपड्यांत त्या गुळगुळीत लाकडी बाकावरून प्रत्येक वळणाला माणूस घसरतो.

हॉटेल अजून ठरलं नसेल तर कितव्या रस्त्याच्या आसपास बघताय ते कळवा, थांबा किती लांब पडेल ते सांगते.