म्हाताऱ्या माणसांना सारखी वाईट स्वप्नं पडणं, झोपेत ओरडणं हे तब्येतीमुळे असू शकतं का?

हो, बऱ्याचदा असतं. तुम्ही लिहिलंय की वडील 72 चे आहेत, शुगर-बीपीच्या गोळ्या चालू आहेत, हल्ली रात्री ओरडत उठतात आणि घरात कोणी म्हणतं वय झालं, कोणी म्हणतं बाहेरचं आहे. आमच्याकडे सासऱ्यांचं असंच चालू होतं म्हणून लिहितेय.

आधी शुगर बघा. मामंजी पहाटे उठायचे ते बनियन घामाने चिंब, हात थरथरतायत, कोणीतरी विहिरीत ढकलतंय म्हणायचे. एकदा तेव्हाच ग्लुकोमीटर लावला तर 54! 70 च्या खाली म्हणजे कमीच. रात्रीचं जेवण अर्ध्या भाकरीवर आलेलं आणि शुगर कमी करणारी ग्लिमेपिराइडची गोळी मात्र पूर्वीइतकीच. लगेच साखरपाणी दिलं, पंधरा मिनिटांनी परत तपासलं, नंतर डॉक्टरांनी डोस कमी केला आणि ती विहीर बंद झाली.

मग सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिपा पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा. बीपी-हार्टसाठी देतात ती मेटोप्रोलॉल, प्रोप्रानोलॉल, डिप्रेशनच्या काही गोळ्या, विसरायला होतं म्हणून देतात ती डोनेपेझिल रात्री घेतली तर, यांनी काही जणांना भयंकर स्वप्नं पडतात. कधीकधी नुसती वेळ बदलून फरक पडतो. पण प्लीज मनाने काही बंद करू नका, मेटोप्रोलॉलसारखी गोळी एकदम सोडली तर हार्टवर येतं. जोरात घोरत असतील, मध्येच श्वास अडकून दचकत असतील तर तेही सांगा, स्लीप अ‍ॅप्नियातही अशी स्वप्नं पडतात.

आता खरं महत्त्वाचं. ते नुसते ओरडतात की लाथा-बुक्क्या मारतात, पलंगावरून पडतात? स्वप्न पडतं त्या झोपेत आपले हातपाय लुळे असतात, मेंदूच ब्रेक लावून ठेवतो, काहींचा तो ब्रेक ढिला होतो आणि स्वप्नातली मारामारी खरीच होते. याला आरईएम स्लीप बिहेवियर डिसऑर्डर म्हणतात, 1986 मध्ये अमेरिकेत मिनेसोटाच्या डॉक्टरांनी याचं पहिल्यांदा नीट वर्णन केलं, पन्नाशीपुढच्या पुरुषांत जास्त दिसतो. यातल्या बऱ्याच जणांना पुढे काही वर्षांनी पार्किन्सन (कंपवात) किंवा डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) होतो, म्हणून हे अंगावर काढू नका, न्यूरोलॉजिस्टना दाखवा, ते स्लीप स्टडी, म्हणजे रात्रभर झोपेची तपासणी, करायला सांगतील. वास कमी येतो का, बद्धकोष्ठता आहे का, अक्षर बारीक झालंय का हेही आठवून जा. मोबाइलवर रात्रीचा व्हिडिओ काढलात तर डॉक्टरांना खूप उपयोग होतो. तोपर्यंत गादी खाली घाला, जवळचं टेबल हलवा आणि आईंना वेगळं झोपू द्या, त्यांना मार लागतो हो.

आणि हे सगळं अचानक दोन दिवसांत सुरू झालं असेल, दिवसाही बरळत असतील, माणसं ओळखत नसतील तर स्वप्नांचा विचार सोडा आणि त्याच दिवशी हॉस्पिटलला न्या, या वयात नुसत्या लघवीच्या इन्फेक्शननेही असं होतं.