पळणार तुम्ही, मग पैसे आम्ही का द्यायचे?

प्रश्न : मी डोंबिवलीला राहते, शाळेत शिकवते, वय ४४. काही वर्षांपासून पळते, हाफ मॅरेथॉन झाल्यात. भाच्याला लहानपणी ब्लड कॅन्सर झाला होता, परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये उपचार झाले, आता तो ठणठणीत आहे, कॉलेजला जातो. म्हणून ठरवलंय की जानेवारीत मुंबई मॅरेथॉनला फुल (म्हणजे ४२ किलोमीटर) पळायचं आणि कॅन्सरच्या मुलांसाठी पैसे जमवायचे. सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला तर ढीगभर अंगठे आले, पैसे फक्त दोघांचे. वर एक काका म्हणाले, पळणार तुम्ही, मग पैसे आम्ही का द्यायचे, त्यापेक्षा एन्ट्री फीच देऊन टाका की हॉस्पिटलला. मला आधीच मागायची लाज वाटते, त्यात हे. काय करू?

उत्तर : ताई, काकांचा प्रश्न खोचक आहे पण अगदीच चुकीचा नाही. तुमच्या पळण्याने कुणाचा कॅन्सर बरा होत नाही, खरंय. पण एन्ट्री फी म्हणजे किती, काही हजार, ती दिलीत की विषय संपला. पळताय म्हणून तुम्हाला पन्नास जणांना फोन करायला एक निमित्त मिळतंय, एरवी उठून कुणाला म्हणाला असतात का की हॉस्पिटलला पैसे दे? कॅनडात टेरी फॉक्स नावाचा पोरगा होता, कॅन्सरमुळे उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापलेला, १९८० मध्ये तो कृत्रिम पायाने रोज जवळपास एक मॅरेथॉन एवढं अंतर पळत देश पार करायला निघाला. मागणं काय, तर देशातल्या प्रत्येक माणसामागे एक डॉलर, बस. सुरुवातीला फार कुणी विचारलंही नाही. १४३ दिवस आणि ५,३७३ किलोमीटरनंतर कॅन्सर फुप्फुसात पसरला म्हणून थांबावं लागलं, आणि पुढच्या फेब्रुवारीपर्यंत दोन कोटी चाळीस लाख डॉलरच्या वर जमले, तेव्हा कॅनडाची लोकसंख्या साधारण तेवढीच होती. थांबला तरी पैसे आले, हे लक्षात ठेवा, खाली एका दादांच्या प्रश्नात परत लागेल.

आता मागायचं कसं. ग्रुपवर मागितलेलं कुणालाच मागितलेलं नसतं. प्रत्येकाला वाटतं दुसरा देईल, अंगठा दिला की आपलं काम झालं. त्यामुळे ग्रुप सोडा, यादी करा आणि एकेकाला वेगळा मेसेज किंवा सरळ फोन. आधी स्वतःचे पैसे भरा, मग भावंडं आणि जवळच्या मैत्रिणी, मग शाळेतले सहकारी, आणि सोसायटी सगळ्यात शेवटी. म्हणजे काकांनी देणग्यांचं ऑनलाइन पान उघडलं तर आधीच पंधरा-वीस जणांनी दिलेलं दिसेल, रिकाम्या पानावर पहिला पैसा टाकायला माणूस कचरतो. आणि रक्कम सांगा. "जमेल तेवढं द्या" म्हटलं की समोरचा विचार करत बसतो आणि मग विसरतो. "पाचशे देशील का?" हे ऐकायला उद्धट वाटतं, पण लोकांना तेच सोपं पडतं.

पैसे कशाला हवेत तेही नेमकं सांगा. "कॅन्सरग्रस्त मुलांसाठी" हे फार मोघम झालं. ज्या ट्रस्टसाठी जमवणार त्यांच्याकडे किंवा हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात एकदा जाऊन या, तिथल्या सोशल वर्करला विचारा की कुठे अडतं. औषधांचा खर्च असतोच, पण गावाकडून आलेल्या आईबापांचं राहणं, जेवण, रोजगार बुडणं, रेल्वेची तिकिटं, यातच माणूस मेटाकुटीला येतो. मुलांच्या ब्लड कॅन्सरचा जो सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार आहे त्याचे उपचार दोन-अडीच वर्षं चालतात, पूर्ण केले तर बरीच मुलं बरी होतात, पण थोडं बरं वाटलं की पैशापायी मध्येच गावी परत जाणारी कुटुंबं असतात, आणि मग आजार उलटतो. परळच्या फुटपाथवर प्लॅस्टिक अंथरून राहिलेली कुटुंबं तुम्ही भाच्याच्या वेळी पाहिलीच असतील. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा किती जणांना पुरणार? हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं आहे, तेच सांगा, भाच्याचं सांगा (त्याला विचारून हं, आता मोठा झालाय तो). वॉर्डातल्या कुठल्याही मुलाचा फोटो मात्र नको, आईबाप हो म्हणाले तरी नको.

आणि एक गोष्ट अगदी पक्की. एक रुपयाही स्वतःच्या जीपेवर घेऊ नका. "तू भर गं माझे, मी तुला ट्रान्स्फर करते" असं मैत्रीण म्हणणारच, प्रेमाने नाही म्हणा. पैसे थेट ट्रस्टच्या खात्यात, पावती देणाऱ्याच्या नावाने. मॅरेथॉनच्या अधिकृत संस्थांच्या यादीत तुमचा ट्रस्ट आहे का बघून घ्या, असेल तर त्यांच्या पानावरूनच जमवता येतं आणि हिशोब सगळ्यांना दिसतो. तुमचा हेतू कितीही स्वच्छ असला तरी काकांसारखे लोक असतात, आणि खरं सांगू, असे असलेले बरे.

करसवलतीचं लोक विचारतील. देणगीवरची आयकरातली सूट (८०जी म्हणतात ती) जुन्या करप्रणालीतच मिळते, नवी घेतली असेल तर नाही, आणि दोन हजारांच्या वर रोख दिले तर जुन्यातही नाही. सूट हवी असेल तर पॅन नंबर द्यावा लागतो आणि ट्रस्टकडून देणगीचं सर्टिफिकेट घ्यावं लागतं. हे आधीच सांगून टाकलंत तर मार्चमध्ये तुम्हाला फोन येणार नाहीत.

प्रश्न : माझी बायको मॅरेथॉनसाठी पैसे जमवतेय. तिचे दोन भाऊ न्यू जर्सीला आहेत, दोघं मिळून चांगली रक्कम द्यायला तयार आहेत. ट्रस्टवाले म्हणतात एकाचे चालतील, दुसऱ्याचे नाही. हा काय प्रकार?

उत्तर : एकाने अमेरिकन पासपोर्ट घेतला असणार. ज्याच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे त्याने स्वतःच्या कमाईतून दिलेले पैसे, डॉलरमध्ये असले तरी, परदेशी देणगी धरत नाहीत. दुसऱ्याचे धरतात, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) असलं तरी. असे पैसे घ्यायला संस्थेकडे एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते आणि ते दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. तुमच्या ट्रस्टकडे ती नोंदणी नसेल तर त्यांचं बरोबर आहे. "मग माझ्या खात्यात पाठव, मी भरतो" ही युक्ती करू नका, तुम्हीही अडकाल आणि ट्रस्टही. त्या मेहुण्याला नोंदणी असलेली दुसरी संस्था शोधून द्या.

प्रश्न : वय ५२, नाशिक. बीपीची गोळी चालू आहे. हॉस्पिटलच्या मदतीसाठी फुल मॅरेथॉन पळणार म्हणून लोकांकडून पैसे घेतलेत, आणि आता गुडघा दुखतोय, लाँग रनला पंचवीसच्या पुढे जाताच येत नाही. शर्यतीला तीन आठवडे आहेत. पेनकिलर घेऊन रेटून न्यावं म्हणतो. लोकांना तोंड कसं दाखवू?

उत्तर : दादा, नका. पेनकिलर घेतली की गुडघा बरा होत नाही, फक्त ओरडायचा थांबतो आणि तुम्ही त्याच्यावर आणखी सतरा किलोमीटर लादता. आयब्रुफेनसारख्या गोळ्या आणि अंगातलं पाणी कमी झालेलं, हे किडनीला वाईटच, त्यात बीपीच्या काही गोळ्या अशा असतात की हे तिन्ही एकत्र आलं तर किडनी एकदम बसू शकते. भीतीपोटी प्रत्येक स्टॉलवर पाणी ढोसणं हा पण उपाय नाही, रक्तातलं सोडियम घसरून पळणारे बेशुद्ध झालेत. डॉक्टरांना या आठवड्यातच गुडघा दाखवा आणि बीपीच्या गोळीचं नाव सांगून विचारा. तीन आठवड्यांत नवीन ताकद येत नसते, एरवीही या दिवसांत पळणं कमीच करायचं असतं.

आणि पैसे लोकांनी हॉस्पिटलला दिलेत, तुमच्या गुडघ्याला नाही. वर टेरी फॉक्सचं लिहिलंय, वाचा. कमी अंतरात बदलून मिळतंय का आयोजकांना विचारा, नाही मिळालं तर या वर्षी सोडा. सगळ्यांना एवढंच कळवा: "गुडघ्यामुळे डॉक्टरांनी फुल पळायला मनाई केली आहे. तुम्ही दिलेले पैसे हॉस्पिटलला पोचलेत, पावती सोबत आहे. कुणाला परत हवे असतील तर संकोच न करता सांगा, मी माझ्या खिशातून देईन." परत मागणारा एखादा निघालाच तर मुकाट्याने देऊन टाका. आणि मनाईचं वाक्य डॉक्टरांकडे जाऊन आल्यावरच टाका, आधी नको.